गळके छप्पर आणि सरकारची हमी

घर बांधून झाले म्हणजे घराचा प्रश्न सुटला, असा आपल्याकडे एक समज आहे. तो सरकारचाही आहे आणि समाजाचाही आहे. घरकुल मंजूर झाले, हप्ते निघाले, घरासमोर लाभार्थ्याचा फोटो काढला, फाईल बंद झाली. पण घराला वय असते. पंधरा पावसाळे गेले की स्लॅबमधून पाणी झिरपू लागते, गजांना गंज चढतो, सिमेंटचे पापुद्रे जेवणाच्या ताटात पडतात. मुलगा लग्नाचा होतो, एक खोली कमी पडते. घरातल्या बायकांना न्हाणी आणि संडास घरातच हवा असतो आणि तो हवाच. या सगळ्याला पैसा लागतो. तो कुठून येतो, हा आजच्या लेखाचा प्रश्न आहे.

महाराष्ट्रात अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई आवास योजना २००८ साली सुरू झाली. त्याआधी १९८५ पासून इंदिरा आवास योजना होती. या योजनांतून उभी राहिलेली पहिली घरे आता म्हातारी झाली आहेत. एकदा घरकुल घेतलेल्या कुटुंबाला पुन्हा घरकुल मिळत नाही. म्हणजे बांधण्यासाठी अनुदान आहे, पण बांधलेले राखण्यासाठी माणूस एकटा आहे. तो भिशी उचलतो, बायकोचे मणी-डोरले गहाण टाकतो, गटाचे कर्ज काढतो, आणि काहीच जमले नाही तर सावकाराचा उंबरठा झिजवतो. बँकेचे नाव त्याच्या यादीत शेवटी असते, बहुधा नसतेच.

याची किंमत काय पडते ते आकड्यांत पाहू. दुरुस्तीसाठी १ लाख रुपये ५ वर्षांच्या मुदतीने घेतले. बँकेने घटत्या शिल्लकेवर १० टक्के व्याज लावले तर महिन्याचा हप्ता सुमारे २,१२५ रुपये बसतो आणि एकूण फेड १ लाख २७ हजार ५०० च्या आसपास जाते. तेच कर्ज २४ टक्क्यांनी घेतले तर हप्ता सुमारे २,८७७ आणि एकूण फेड १ लाख ७२ हजार ६०० होते. पंचेचाळीस हजारांचा फरक! एवढ्या पैशात आणखी एक खोली पत्र्याखाली आली असती. आणि शेकडा पाच रुपये महिना घेणाऱ्या सावकाराकडे गेलात, तर वर्षाला ६० हजार रुपये नुसते व्याज जाते. मुद्दल जिथल्या तिथे राहते. तेच छप्पर, तोच गवंडी, तीच सिमेंटची पोती. केवळ पैसा कुठून आला यावर एक घर उभे राहते आणि दुसरे बुडते.

मग माणूस बँकेत का जात नाही? कारण बँक तीन गोष्टी विचारते. तारण काय, जामीनदार कोण, आणि पगाराची पावती कुठे? बिगारी काम करणारा, घरकाम करणारी, भाजीची गाडी लावणारा यांच्याकडे तिन्ही नसतात. जामीन राहील असा शेजारीही त्यांच्याइतकाच गरीब असतो. अशा वेळी एकच जामीनदार उरतो, तो म्हणजे सरकार. सरकारी हमीचे कर्ज म्हणतात ते हेच. पैसा बँकेचाच असतो, सरकार फक्त जामीन राहते. कर्ज बुडाले तर नुकसानीचा ठरलेला वाटा सरकारचा निधी भरून देतो, म्हणून बँकेने तारण न मागता कर्ज द्यावे, अशी ही व्यवस्था आहे.

ही कल्पना प्रथम मोठ्या प्रमाणावर राबविली गेली ती अमेरिकेत. त्या देशाच्या अनुभवात आपल्यासाठी धडाही आहे आणि इशाराही आहे, म्हणून थोडे विस्ताराने सांगतो.

१९२९ नंतरच्या महामंदीत अमेरिकेतले बांधकाम ठप्प झाले. गवंडी, सुतार, रंगारी घरी बसले. २७ जून १९३४ रोजी अध्यक्ष रूझवेल्ट यांनी राष्ट्रीय गृहनिर्माण कायद्यावर सही केली. त्या कायद्याचा पहिलाच भाग घरदुरुस्तीच्या कर्जाचा होता. घरमालकाने २,००० डॉलरपर्यंत कर्ज घ्यावे, छप्पर दुरुस्त करावे, भिंती रंगवाव्यात, खोली वाढवावी. बँकेने अशी जी काही कर्जे दिली असतील, त्यांच्या एकूण रकमेच्या २० टक्क्यांपर्यंतचे नुकसान सरकार भरून देणार होते. घर गहाण ठेवण्याची सक्ती नव्हती. त्यामुळे घरे सुधारली आणि हाताला कामही मिळाले. त्या कायद्याच्या पहिल्या भागाची ही दुरुस्ती-कर्ज योजना बदलत बदलत टिकली. कल्पना चांगली होती, यात वाद नाही.

पण चांगली कल्पना कोणाच्या दारापर्यंत जाते, हे पाहावे लागते. त्याच कायद्याच्या दुसऱ्या भागाने घरखरेदीच्या कर्जाला हमी दिली. ती देताना कोणती वस्ती सुरक्षित आणि कोणती धोक्याची, हे ठरविण्यासाठी सरकारी खात्याने नियमपुस्तिका काढली. वस्तीत विजोड वंशाचे लोक शिरले तर घरांची किंमत उतरते, असे त्या पुस्तिकेचे तत्त्वज्ञान होते. दुसऱ्या एका सरकारी संस्थेने १९३५ ते १९४० या काळात दोनशेहून अधिक शहरांचे नकाशे बनविले. त्यांत उत्तम वस्त्या हिरव्या, त्याखालोखाल निळ्या, मग पिवळ्या, आणि धोक्याच्या वस्त्या लाल दाखविल्या. काळ्या माणसांच्या वस्त्या बहुतेक सगळ्या लाल रंगात गेल्या. तिथला माणूस कमावता आहे की नाही, कर्ज फेडणारा आहे की नाही, हे पाहण्याची गरजच उरली नाही. तो कुठे राहतो एवढे पुरे झाले. आमच्या वाचकांना ही रीत समजावून सांगावी लागणार नाही. गावकुसाबाहेरचा पत्ता म्हणजे काय, ते आपण पिढ्यानपिढ्या जाणतो.

याचा परिणाम दोन पिढ्यांनी दिसला. गोऱ्या कुटुंबांची घरे सरकारी हमीच्या स्वस्त पैशाने उभी राहिली, त्यांची किंमत वाढली आणि त्या किमतीवर मुलांची शिक्षणे झाली. लाल वस्तीत बँकेचा पैसा येईना. पैसा नाही म्हणून दुरुस्ती नाही, दुरुस्ती नाही म्हणून घर पडके, आणि घर पडके म्हणून कर्ज नाही. मग तेच पडके घर दाखवून सांगायचे, की या लोकांना घर राखता येत नाही!

बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते. पुढे १९४६ साली त्यांनी कृष्णवर्णीयांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉईस यांना पत्र लिहून, निग्रो समाजाने संयुक्त राष्ट्रांकडे दिलेल्या निवेदनाची प्रत मागितली आणि दोन्ही समाजांच्या स्थितीतील साम्य दाखविले. ड्यू बॉईस यांनी त्याच वर्षी उत्तरही दिले. साम्य शोधण्याची ही वाट बाबासाहेबांनीच दाखविलेली आहे. म्हणून पुढे त्या लोकांनी काय केले, तेही आपण पाहिले पाहिजे.

त्यांनी केवळ जास्त निधी मागितला नाही. त्यांनी हिशेब मागितला. १९६८ साली, मार्टिन ल्यूथर किंग यांच्या हत्येनंतर आठवडाभरात, घरांच्या व्यवहारात वंशभेद करण्यास बंदी घालणारा कायदा झाला. पण बंदी कागदावर राहते, हे त्यांना ठाऊक होते. म्हणून वस्त्यावस्त्यांतल्या संघटनांनी लढून १९७५ साली आणखी एक कायदा करवून घेतला. घराचे कर्ज शहराच्या कोणत्या भागात किती दिले, हे बँकेने जाहीर केलेच पाहिजे, असा तो कायदा. १९७७ साली त्याच्या पुढचा कायदा आला. ज्या भागातून बँक ठेवी गोळा करते, त्या भागातल्या गरीब वस्त्यांचीही कर्जाची गरज तिने भागविली पाहिजे, हे तिचे कर्तव्य ठरले. १९८९ च्या दुरुस्तीने अर्जदाराचा वंश, उत्पन्न आणि अर्ज मंजूर झाला की नामंजूर, हेही नोंदवणे भाग पडले. वस्तीतल्या कार्यकर्त्याच्या हाती बँकेची तपासणी करण्याचे हत्यार आले.

आता आपल्या घराकडे वळू. भारतातही अशी हमी आहे, हे आपल्या किती कार्यकर्त्यांना ठाऊक आहे? २०१२ साली केंद्र सरकारने अल्प उत्पन्न गटांच्या गृहकर्जासाठी पतजोखीम हमी निधी न्यास स्थापन केला. शहरी भागातील दुर्बल व अल्प उत्पन्न गटातील कुटुंबांना तारण आणि त्रयस्थ जामीनदार न घेता दिलेल्या लहान गृहकर्जांना या निधीची हमी मिळते. घर घेणे आणि बांधणे यांच्या बरोबरीने असलेल्या घराची सुधारणाही त्यात धरली होती. ऑगस्ट २०२४ मध्ये शहरी पंतप्रधान आवास योजनेचा दुसरा टप्पा मंजूर करताना या निधीची रक्कम १,००० कोटींवरून ३,००० कोटी करण्याचा निर्णय केंद्रीय मंत्रिमंडळाने घेतला. त्याआधी २०१५ च्या व्याज अनुदान योजनेत ६ लाखांपर्यंतच्या कर्जावर ६.५ टक्के व्याज सवलत होती आणि खोली, स्वयंपाकघर, संडास वाढविण्यासाठीही ती मिळत होती. दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटांसाठी ती ३१ मार्च २०२२ ला संपली. आपल्या वस्त्यांत तिची चर्चा सुरू होईपर्यंत तिची मुदत संपली होती.

आपल्याकडे लाल रंगाचा नकाशा कुणी काढलेला नाही. त्याची गरज नाही, कारण आपल्याकडे कागद आहे. बँकेचा अधिकारी जात विचारत नाही, तो मालकीचा कागद विचारतो. बौद्धवाड्यातल्या माणसाकडे काय असते? ग्रामपंचायतीचा नमुना आठचा उतारा. तो कर आकारणीचा कागद आहे. मालकी सिद्ध करण्यास तो पुरा पडत नाही. ज्याच्या आज्याला सरकारने जमीन दिली, त्याच्या सातबाऱ्यावर भोगवटादार वर्ग दोन असा शेरा असतो. महारवतनाच्या जमिनींचेही तेच. १९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई कायदेमंडळात वतनाविरुद्ध विधेयक मांडले. १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट झाली. पण जमिनी परत मिळाल्या त्या नवीन शर्तीच्या बंधनासह. शहरात पाहाल तर झोपडपट्टीतल्या माणसाकडे फोटोपास आणि वीजबिल. थोडक्यात, ज्या इतिहासाने आम्हाला जमीन नाकारली, त्याच इतिहासाचा पुरावा आज कर्ज नाकारण्यासाठी वापरला जातो.

वकिली करताना आमच्याकडे येणाऱ्या पक्षकारांकडून एक वाक्य वारंवार ऐकायला मिळते, 'साहेब, बँकवाले म्हणाले वर्ग दोनच्या जमिनीवर कर्ज होत नाही.' हे सरसकट खरे नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ३६ मध्येच अपवाद आहे. वर्ग दोनच्या भोगवटादाराला सरकार, सहकारी संस्था, स्टेट बँक आणि राष्ट्रीयीकृत बँका यांच्याकडे कर्जासाठी जमीन गहाण ठेवता येते. कायदा दार उघडतो आणि टेबलावरचा माणूस ते लोटून घेतो. आपण वाचलेले नसते, म्हणून आपण परत फिरतो.

आणखी काही गोष्टी प्रत्येक वस्तीत माहीत असल्या पाहिजेत.

पहिली, घराची दुरुस्ती हे अग्रक्रम क्षेत्रातले कर्ज आहे. रिझर्व्ह बँकेच्या २०२० च्या निर्देशांत महानगरात १० लाख आणि इतरत्र ६ लाखांपर्यंतचे दुरुस्तीकर्ज त्यात धरले होते. २०२५ च्या नव्या निर्देशांत या मर्यादा वाढविल्या आहेत. अनुसूचित जाती-जमातींना दिलेले असे कर्ज दुर्बल घटकांच्या उद्दिष्टातही मोजले जाते. म्हणजे तुम्हाला कर्ज देणे ही बँकेची मेहेरबानी नाही, ते तिच्या उद्दिष्टाचा भाग आहे. आणि १९९० च्या दुरुस्तीनंतर बौद्ध हेही अनुसूचित जातींच्या व्याख्येत येतात, हे अधिकाऱ्याला ठणकावून सांगावे.

दुसरी, अनुसूचित जाती-जमातीच्या अर्जदाराचा अर्ज नामंजूर करायचा तर तो शाखेच्या पातळीवर न करता वरच्या पातळीवर करावा आणि कारण स्पष्ट नमूद करावे, अशी रिझर्व्ह बँकेची बँकांना सूचना आहे. म्हणून तोंडी नकार घेऊन घरी येऊ नये. अर्ज लेखी द्यावा, पोच घ्यावी, नकारही लेखी मागावा. बँकेकडे केलेल्या तक्रारीचे ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते.

तिसरी, व्याज सपाट आहे की घटत्या शिल्लकेवर, हे सहीपूर्वी विचारावे. सपाट १२ टक्के ऐकायला गोड वाटते. पण १ लाखावर ५ वर्षांत ६० हजार व्याज म्हणजे प्रत्यक्षात तो दर २० टक्क्यांच्या आसपास जातो. १ ऑक्टोबर २०२४ पासून प्रत्येक किरकोळ कर्जाबरोबर सर्व खर्चांसह वार्षिक दर सांगणारे मुख्य तथ्य विवरणपत्र कर्जदाराला देणे बंधनकारक आहे. ते घ्या आणि घरातल्या शिकलेल्या मुलीकडून वाचून घ्या. घर गहाण ठेवलेले असेल तर कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत मिळाले पाहिजेत. बँकेच्या दोषाने उशीर झाल्यास दिवसाला ५,००० रुपये भरपाई आहे. हा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. सरकारची हमी बँकेला असते, तुम्हाला नव्हे. 'सरकार जामीन आहे, नाही फेडले तरी चालते,' असे सांगणारे दलाल वस्तीत फिरतात. त्यांच्यावर विश्वास ठेवू नका. जामीनदाराने पैसे भरले तरी कर्जदार सुटत नाही. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम १४० प्रमाणे धनकोचे हक्क जामीनदाराकडे जातात. हमी मिळाली तरी बँकेची वसुली चालूच राहते. घर गहाण असेल आणि थकबाकी झाली, तर २००२ च्या सरफेसी कायद्याने बँक ६० दिवसांची नोटीस देऊन न्यायालयात न जाता ताबा घेण्याची कारवाई करू शकते. त्या कारवाईविरुद्ध कर्जवसुली न्यायाधिकरणात जाण्यासाठी ४५ दिवसच मिळतात. म्हणून पत्रे बदलण्यासारख्या लहान कामासाठी राहते घर गहाण टाकू नये. विनातारण कर्ज मागावे. हमीची व्यवस्था त्यासाठीच आहे.

या बाबतीतही अमेरिकेचा इशारा आहे. १९५४ साली तिथल्या सिनेटपुढे दुरुस्ती-कर्जातल्या फसवणुकीची चौकशी झाली. विक्रेते दारोदार फिरून निकृष्ट काम दुप्पट-तिप्पट भावाने गळ्यात मारत, कर्जाच्या कागदावर सही घेत आणि पसार होत. बँकेला हमी होती, म्हणून बँक डोळे मिटून पैसे देई. घरमालक मात्र हप्ते भरत राही. २००८ च्या आर्थिक अरिष्टापूर्वी तर ज्या वस्त्यांना एकेकाळी कर्ज नाकारले, त्याच वस्त्यांत सर्वांत महागडी कर्जे खपविली गेली. नकार आणि लूट ही एकाच दुकानाची दोन दारे आहेत. आज आपल्या वस्त्यांत बँक येत नाही आणि गटकर्जाचा वसुली एजंट मात्र दर आठवड्याला येतो, याचा अर्थ त्यावरून लावावा.

आमचे काही सहकारी विचारतील, कर्जाची भलामण कशाला? सरकारकडून अनुदानच का मागू नये? प्रश्न रास्त आहे. ज्या घरात कमावता हात नाही, विधवा आहे, वृद्ध आहेत, तिथे कर्ज हा फास ठरेल. तिथे दुरुस्तीचे अनुदानच हवे आणि रमाई योजनेत तशी तरतूद करण्याची मागणी आपण केलीच पाहिजे. पण महिन्याला ठरावीक कमाई असलेली हजारो कुटुंबे आज कर्ज घेतच आहेत. प्रश्न एवढाच आहे, की ते २४ टक्क्यांनी घ्यायचे की १० टक्क्यांनी.

तेव्हा चळवळीपुढे तीन मागण्या ठेवतो. एक, शहरातल्या लहान गृहकर्जांना जशी हमी आहे, तशी गावातल्या बौद्धवाड्यांच्या दुरुस्तीकर्जालाही मिळावी. दोन, २४ एप्रिल २०२० पासून स्वामित्व योजनेत ड्रोनने गावठाणांची मोजणी सुरू आहे आणि मालमत्ता पत्रके वाटली जात आहेत. प्रत्येक गावात बौद्धवाडा, मातंगवाडा, चर्मकारवाडा त्या मोजणीच्या रेषेत आला की बाहेर राहिला, हे कार्यकर्त्यांनी स्वतः नकाशा मागून तपासावे. बाहेर राहिला असेल तर गावठाण हद्दवाढीचा अर्ज लावून धरावा. तीन, बँकांनी शाखावार जाहीर करावे, की घराच्या कर्जासाठी अनुसूचित जाती-जमातींचे किती अर्ज आले, किती मंजूर झाले, किती फेटाळले आणि का फेटाळले. जिल्ह्याचे एकूण आकडे बँकर्स समितीच्या कागदात असतात. वस्तीतल्या नकाराचा हिशेब तिथे सापडत नाही. तो जाहीर होईपर्यंत आपणच ठेवावा. प्रत्येक विहारात एक वही असावी आणि त्या वहीत तारीख, शाखा, मागितलेली रक्कम, मिळालेले उत्तर लिहिले जावे. दहा वस्त्यांच्या दहा वह्या एकत्र आल्या, की तो पुरावा होतो, आणि पुराव्यापुढे जिल्हाधिकाऱ्यालाही उत्तर द्यावे लागते.

पावसाळा दरवर्षी ठरल्या वेळी येतो. त्याआधी वही सुरू व्हावी.